व्हीएफडीने मोटरचा स्पीड कसा कंट्रोल होतो: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिल, चटईचे कारखाने, जामनेर-चोपडा-धुळ्याकडच्या जिनिंग आणि रावेर-यावलच्या केळीच्या बोअरवर ड्राइव्ह (व्हीएफडी, म्हणजे व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह) बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. फोनवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. घाईत असाल तर लाइट बिल, बोअर आणि उन्हाळा हे तीन तरी नीट वाचा, कारण पैसे वाचतात पण तिथंच आणि जातात पण तिथंच.

व्हीएफडी म्हणजे नेमकं काय? घरच्या इन्व्हर्टरसारखंच का?

आतलं काम थोडंफार सारखं, पण उपयोग वेगळा. घरचा इन्व्हर्टर बॅटरीतून लाइट बनवतो, ती कायम 50 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 50 फेऱ्यांची. व्हीएफडीला बॅटरी नसते. तो मेन लाइनच घेतो, आणि मोटरला आपण सांगू त्या फ्रिक्वेन्सीची आणि त्या हिशोबाच्या व्होल्टेजची लाइट बनवून देतो. एसी ड्राइव्ह, व्हीएफडी, नुसता ड्राइव्ह, काहीजण कारखान्यात इन्व्हर्टर पण म्हणतात, सगळं एकच.

हे काही कालचं नाही. डेन्मार्कच्या डॅनफॉसने 1968 सालीच असे ड्राइव्ह कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली होती. आणि भुसावळ यार्डातून जे डब्ल्यूएजी-९ इंजिन मालगाडी ओढत निघतं ना, त्याच्या मोटरी पण थ्री फेज इंडक्शनच आहेत, वरच्या तारेतून 25 हजार व्होल्टची सिंगल फेज घ्यायची, तिची आधी डीसी करायची आणि मग पाहिजे त्या फ्रिक्वेन्सीची थ्री फेज करून मोटरला द्यायची. तुमच्या पॅनेलमधला डबा हेच काम लहान प्रमाणात करतो.

फ्रिक्वेन्सी बदलली की स्पीड का बदलतो?

थ्री फेज मोटरच्या बॉडीत जी वाइंडिंग असते तिच्यात एक चुंबकीय क्षेत्र गोल फिरत असतं, रोटर त्याच्या मागे ओढला जातो. ते क्षेत्र किती जोरात फिरणार हे दोनच गोष्टींवर ठरतं, फ्रिक्वेन्सी आणि पोल, म्हणजे वाइंडिंगने तयार होणारे चुंबकाचे ध्रुव. हिशोब सोपा आहे, 120 गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल. 4 पोलची मोटर 50 हर्ट्झवर म्हणजे 1500. पण नेमप्लेटवर 1440 लिहिलेलं असतं, कारण रोटर नेहमी थोडा मागे राहतो. मागे राहिला तरच त्याच्यात करंट तयार होतो आणि ताकद येते, ह्याला स्लिप म्हणतात. पोल तर मोटर बनवतानाच ठरलेले, ते आपण बदलू शकत नाही, म्हणून राहिली फ्रिक्वेन्सी. 40 हर्ट्झ दिली की क्षेत्र 1200 ने फिरणार आणि लोडवर मोटर साधारण 1140 दाखवणार. टॅकोमीटर (स्पीड मोजायचं मीटर) लावून बघा, हिशोब जुळतो.

मग नुसता व्होल्टेज कमी करून स्पीड कमी नाही का होणार? पंख्याचा होतो की.

सिलिंग फॅन हलका असतो आणि त्याचा लोड पण स्पीडबरोबर पटकन उतरतो म्हणून तिथं चालून जातं. कारखान्यातल्या मोटरला नुसता व्होल्टेज कमी केला तर क्षेत्र 1500 नेच फिरत राहतं, फक्त कमजोर होतं. रोटर जास्त मागे पडतो, करंट वाढतो, मोटर तापते. तीच गोष्ट उलटी करा, फ्रिक्वेन्सी कमी केली पण व्होल्टेज 415 च ठेवला, तर मोटरचं लोखंड सॅच्युरेट होतं, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि लोड नसताना पण करंट भरमसाठ वाढतो.

म्हणून दोन्ही एका प्रमाणात हलवायचं. 415 भागिले 50 म्हणजे हर्ट्झमागे 8.3 व्होल्ट. 25 हर्ट्झला 207 व्होल्ट, 40 ला 332. ड्राइव्हच्या मेनूमध्ये व्ही बाय एफ मोड म्हणून जे दिसतं ते हेच. एकदम खालच्या स्पीडला वाइंडिंगच्या रेझिस्टन्समध्येच बराच व्होल्टेज खर्च होतो म्हणून तिथं थोडा जास्त द्यावा लागतो, तो टॉर्क बूस्ट (टॉर्क म्हणजे फिरवायची ताकद). बूस्ट उगाच वाढवून ठेवू नका, मोटर कमी स्पीडला नुसती उभ्या उभ्या गरम होते.

सेन्सरलेस व्हेक्टर मोडमध्ये ड्राइव्ह मोटरचा करंट बघून क्षेत्र आणि टॉर्क वेगवेगळे सांभाळतो, चटईच्या प्लांटच्या एक्स्ट्रूडरला (प्लास्टिक वितळवून बाहेर ढकलणाऱ्या मशीनला) तोच ठेवा. पण त्याआधी ऑटो ट्यूनिंग (ड्राइव्ह स्वतः मोटर मोजून घेतो ते) केलंच पाहिजे आणि नेमप्लेटचे आकडे बरोबर टाकले पाहिजेत. पंप-पंख्याला साधा व्ही बाय एफ भरपूर झाला.

डब्याच्या आत काय चालतं?

तीन टप्पे. पहिले सहा डायोड, ते येणाऱ्या थ्री फेजची डीसी करतात. 415 लाइन असेल तर साधारण 585 व्होल्ट डीसी तयार होते. मग मोठे कपॅसिटर, ते ही डीसी सपाट करतात आणि साठवतात. मग सहा आयजीबीटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, हे एका सेकंदाला काही हजार वेळा चालू-बंद होतात. जिथं जास्त व्होल्टेज पाहिजे तिथं जास्त वेळ चालू, जिथं कमी पाहिजे तिथं कमी वेळ, आणि मोटरच्या वाइंडिंगमधून जाताना करंट बऱ्यापैकी गोल साइन वेव्हसारखा होतो. ड्राइव्हवर मोटर बारीक शिट्टी मारल्यासारखी वाजते ती ह्याचीच, कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे हा चालू-बंदचा वेग, वाढवली की आवाज कमी होतो पण ड्राइव्ह जास्त तापतो.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा. मेन बंद केला, डिस्प्ले विझला, तरी कपॅसिटरमध्ये ते पाचशे-सहाशे व्होल्ट काही मिनिटं बसलेले असतात. कव्हरवर जेवढी मिनिटं लिहिली असतील तेवढं थांबा, नसेल लिहिलं तर दहा मिनिटं, आणि मग मीटरने डीसी टर्मिनल तपासूनच हात घाला. सीझनच्या घाईत मालक मागे उभा राहून ‘लवकर करा भाऊ’ म्हणत असला तरी. जीव एकच आहे.

पुली बदलून स्पीड कमी केला तर नाही चालणार?

कायमचा एकच स्पीड पाहिजे असेल तर पुलीच बदला. स्वस्त पडते आणि मोटर पूर्ण स्पीडने फिरते म्हणून तिचं कूलिंग पण चांगलं राहतं. रोज, माल बघून स्पीड बदलायचा असेल तरच ड्राइव्ह.

लाइट बिल खरंच कमी येतं का? विकणारा 40 टक्के सांगतो.

मशीन कोणतं ते विचारल्याशिवाय जो टक्के सांगतो त्याचं ऐकू नका. बचत ड्राइव्हमध्ये नसते, लोडमध्ये असते.

सेंट्रिफ्यूगल पंप आणि ब्लोअर, ह्यांच्यात खरी बचत आहे. स्पीड कमी केला की पाणी किंवा हवा त्याच प्रमाणात कमी होते, प्रेशर स्पीडच्या वर्गाने आणि लागणारी पॉवर घनाने. म्हणजे 50 चं 40 हर्ट्झ केलं, स्पीड 80 टक्के, तर पॉवर 0.8 चा घन, साधारण 51 टक्के. वीस टक्के हवा सोडली तर जवळपास अर्धी लाइट. इथपर्यंत विकणारा खरंच बोलतो.

पण तुलना कशाशी करायची ते तो सांगत नाही. डाळ मिलच्या ड्रायरचा 15 एचपीचा ब्लोअर घ्या, म्हणजे 11 किलोवॅट. बहुतेक ठिकाणी त्याच्या डॅम्परचं (हवा अडवणाऱ्या झडपेचं) हँडल अर्ध्यात आणून बाइंडिंग वायरने बांधून ठेवलेलं असतं, वायरला गंज चढलेला असतो, म्हणजे कित्येक वर्षांत ते कोणी हलवलेलं नाही. आता डॅम्पर दाबलेला असताना मोटर 11 खातच नाही, समजा 9.5 खाते. ड्राइव्हवर तेवढीच हवा (ती 80 टक्के धरली तर 11 चे 51 टक्के) 5.6 मध्ये निघते, त्यात ड्राइव्हचा स्वतःचा तीनेक टक्के लॉस धरा. म्हणजे खरी बचत साडेतीन-पावणेचार किलोवॅट, पाच-साडेपाच नाही. दिवसाला बारा तास चालला तर चाळीस-पंचेचाळीस युनिट. हा आकडा पण चांगलाच आहे, गुणिले तुमच्या बिलावरचा दर, गुणिले सीझनचे दिवस, आणि मग ड्राइव्हची किंमत किती दिवसात निघते ते स्वतः काढा. डॅम्पर पूर्ण उघडा असेल आणि पूर्ण हवा खरंच लागत असेल तर बचत शून्य, उलट ड्राइव्हचा लॉस वरून लागणार.

एलिव्हेटर, कन्व्हेयर, चक्की, डाळ मिलचे रोल, एक्स्ट्रूडर हे वेगळे. ह्यांना कमी स्पीडला पण टॉर्क तेवढाच लागतो, म्हणून पॉवर फक्त स्पीडच्या प्रमाणात उतरते. स्पीड 80 टक्के तर पॉवर पण 80 टक्के, पण उत्पादन पण 80 टक्केच, मग वाचलं काय? तिथं ड्राइव्ह बिलासाठी घेऊच नका. तिथं तो क्वालिटीसाठी घ्या. तूर लहान-मोठी आली तर रोलचा स्पीड जुळवून तुकडा कमी पडतो, चटईच्या टेपची जाडी एकसारखी येते, जिनच्या फीडरला कापूस ओला असला तर हळू सोडता येतो. माझ्या बघण्यात ह्या कामातून निघणारा पैसा कित्येकदा लाइट बिलापेक्षा जास्त असतो, पण तो कागदावर दाखवता येत नाही म्हणून कोणी बोलत नाही.

बोअरच्या सबमर्सिबलला व्हीएफडी लावू का?

लावा, पण आधी हिशोब करा. रावेर-यावल-चोपडा पट्ट्यातून सगळ्यात जास्त फोन ह्याचेच आणि सगळ्यात जास्त गैरसमज पण इथंच.

वर लिहिलंय की प्रेशर स्पीडच्या वर्गाने उतरतं. समजा तुमचा पंप 50 हर्ट्झला व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना जास्तीत जास्त 120 मीटर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, देतो. 40 हर्ट्झला तोच पंप 120 गुणिले 0.64, म्हणजे 77 मीटरच देणार. आणि पाण्याची लेव्हल आहे 80 मीटरवर. मोटर फिरतेय, अँपिअर दिसतोय, ड्राइव्हवर 40 चा आकडा दिसतोय आणि पाइपातून थेंब नाही! पंप आतल्या आत तेच पाणी घुसळत बसतो, पाणी तापतं, आणि सबमर्सिबलचं कूलिंग बाजूने वाहणाऱ्या पाण्यावरच असल्यामुळे मोटर जाते. खोल बोअरला स्पीड कमी करायला जागा फार थोडी असते, 44-45 च्या खाली जायच्या आधी पंपाचा कर्व्ह बघा.

दुसरं, सबमर्सिबलचं थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ फिल्मवर चालतं, ती फिल्म स्पीड आल्यावरच तयार होते. म्हणून 30 हर्ट्झच्या खाली चालवायचंच नाही, आणि चालू करताना 0 ते 30 एका सेकंदाच्या आसपास पार करायचं. लोक प्रेमाने ॲक्सिलरेशन टाइम 20-30 सेकंद ठेवतात, मोटर हळू सुरू व्हावी म्हणून, आणि बेअरिंग रोज थोडं थोडं घासून टाकतात.

तिसरं, केबल. 400 फूट बोअर म्हणजे 120 मीटर केबल, वर पॅनेलपर्यंतची वेगळी. ड्राइव्हमधून निघणारे पल्स इतके तीव्र असतात की लांब केबलच्या टोकाला ते परत उसळतात आणि मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज डीसी बसच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे अकराशेच्या वर. वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांना तो फटका बसतो. ड्राइव्हच्या आउटपुटला चोक किंवा डीव्ही बाय डीटी फिल्टर (पल्सची धार बोथट करणारे) लावा आणि कॅरिअर फ्रिक्वेन्सी 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये ठेवा. चोकचे पैसे वाचवले तर मोटर वर काढायची मजुरी भरावी लागते.

मग फायदा कुठे? ड्रिपवर. कधी दोन व्हॉल्व्ह उघडे, कधी चार, तर प्रेशर सेन्सर लावून ड्राइव्हचं पीआयडी (सेन्सर बघून स्पीड आपोआप जुळवणारी सोय) चालू करा, लाइनचं प्रेशर तुम्ही सांगाल तिथं टिकून राहतं, लॅटरल (ड्रिपच्या नळ्या) उडत नाहीत. आणि एप्रिल-मेमध्ये बोअर दम टाकायला लागला की 50 ला उपसून अर्ध्या तासात कोरडा पाडण्यापेक्षा 46-47 वर सलग चालवता येतो. ड्राय रन प्रोटेक्शन (पाणी नसताना पंप बंद करणारं) मात्र चालू ठेवा.

सोलर पंपाचा कंट्रोलर पण व्हीएफडीच असतो का?

एसी मोटरचा असेल तर हो. पॅनेलमधून डीसी आधीच येते म्हणून डायोडचा टप्पा लागत नाही, बाकी आयजीबीटी तेच. फक्त स्पीड तुम्ही ठरवत नाही, ऊन ठरवतं. पॅनेलमधून त्या वेळी जास्तीत जास्त जेवढी पॉवर निघेल त्या हिशोबाने कंट्रोलर फ्रिक्वेन्सी वर-खाली करतो. पीएम कुसुम असो की मागेल त्याला सौर कृषी पंप, सकाळी आठला पाणी कमी आणि दुपारी धो धो, ह्याचं कारण हेच, त्यात बिघाड काही नाही. ढग आला की पंप 35 हर्ट्झवर येतो आणि खोल बोअर असेल तर वरच्या हिशोबाने पाणी थांबतं.

सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालेल का?

लहान चालते. 230 व्होल्ट सिंगल फेज इनपुट, थ्री फेज आउटपुट असे ड्राइव्ह 3 एचपीपर्यंत सहज मिळतात. पण आउटपुट पण 230 च असतो, 415 नाही, ड्राइव्ह व्होल्टेज वाढवत नाही. 3 एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक स्टारमध्ये जोडलेल्या असतात (स्टार आणि डेल्टा ह्या वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती), टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा करा, मग ती 230-240 ला पूर्ण ताकदीने चालते. करंट 1.73 पट होतो. सिंगल फेजच्या बाजूला 3 एचपीला वीस-चोवीस अँपिअर ओढेल, तेवढी वायर आणि एमसीबी पाहिजे. सबमर्सिबलमधून तीनच वायर बाहेर आल्या असतील तर हा मार्ग बंद. 5 एचपी आणि वरच्या मोटरी 415 लाच डेल्टा असतात, त्यांना पण नाही.

किती एचपीचा ड्राइव्ह घ्यावा?

एचपी बघू नका, अँपिअर बघा. मोटरच्या नेमप्लेटचा फुल लोड करंट ड्राइव्हच्या रेटेड करंटपेक्षा कमी पाहिजे. 6 आणि 8 पोलच्या मोटरी तेवढ्याच एचपीला जास्त करंट घेतात, सबमर्सिबल पण. ड्राइव्हवर दोन रेटिंग लिहिलेली असतात, नॉर्मल ड्यूटी पंप-पंख्यासाठी, हेवी ड्यूटी एक्स्ट्रूडर, चक्की, एलिव्हेटरसाठी. आणि आपल्याकडचा उन्हाळा धरून एक साइज वरचा घ्या.

स्पीड कमी केला की ‘भाऊ, मोटर लय गरम होऊन राहिली’.

होणारच. मोटरच्या मागचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, मोटर अर्ध्या स्पीडने फिरली की हवा पण फार कमी. ब्लोअर-पंपाला काळजी नाही, तिथं लोड पण उतरतो. पण एक्स्ट्रूडर किंवा एलिव्हेटर 25 हर्ट्झच्या खाली पूर्ण लोडवर तासन्तास चालवायचा असेल तर मोटरच्या मागे वेगळ्या लाइटवरचा कूलिंग फॅन बसवा, नाहीतर मोठी मोटर घ्या, नाहीतर गिअरबॉक्सचा रेशो बदला म्हणजे मोटर 40-45 वर फिरेल.

50 हर्ट्झच्या वर नेलं तर?

फिरते, पण 415 च्या वर व्होल्टेज मिळत नसल्यामुळे टॉर्क उतरत जातो. 55 पर्यंत मोटरचा करंट बघून जा. ब्लोअरला मात्र 55 म्हणजे 1.1 चा घन, 33 टक्के जास्त पॉवर. 15 एचपीच्या मोटरवर 20 चा भार टाकल्यासारखं आहे, करू नका.

मार्च ते जून ड्राइव्ह दुपारीच का ट्रिप होतो?

ह्या एका प्रश्नावर माझा निम्मा उन्हाळा जातो. बहुतेक ड्राइव्हचं रेटिंग 40 डिग्रीला असतं. त्याच्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण एक टक्का करंट कमी धरायचा आणि 50 च्या वर चालवायचंच नाही, असं मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. आता जळगाव-भुसावळला मेमध्ये बाहेरच 44-45, पत्र्याच्या शेडखाली त्याच्या वर, आणि बंद पॅनेलमध्ये अजून वर. कारण 20 एचपीचा ड्राइव्ह पूर्ण लोडवर स्वतः साडेचारशे वॅटच्या आसपास उष्णता टाकतो. चारशे वॅटचा हीटर बंद कपाटात चालू ठेवलाय असं समजा, तेही वर्षभर.

म्हणून पॅनेलचं काम आधी करा. पश्चिमेच्या भिंतीवर, जिथं दुपारनंतर ऊन येतं, तिथं पॅनेल नको. खालून फिल्टर लावून पंख्याने हवा आत ढकला आणि वरून बाहेर काढा, म्हणजे पॅनेलमध्ये थोडं प्रेशर राहतं आणि फटीतून धूळ आत येत नाही. लोक उलटं करतात, वर एक्झॉस्ट लावतात आणि खाली फिल्टरच नाही, मग पॅनेल व्हॅक्यूम क्लीनरसारखं शेडमधली सगळी धूळ ओढून घेतं. ड्राइव्हच्या वर आणि खाली किमान चार-चार इंच जागा मोकळी ठेवा, दोन ड्राइव्ह एकावर एक बसवले तर खालच्याची गरम हवा वरचा खातो. फार मोठा पॅनेल असेल तर वेगळी खोली करा, एसी लावा, काही चुकीचं नाही त्यात.

आणि धूळ. डाळ मिलची भुकटी पिठासारखी बारीक, हीट सिंकच्या पंखांमध्ये थरावर थर बसते आणि पावसाळ्यात दमट झाली की घट्ट होते. जिनिंगचं वेगळंच, सरकीचे बारीक तंतू कूलिंग फॅनच्या जाळीवर नमद्यासारखे विणले जातात. बाहेरून बघून वाटतं पंखा फिरतोय, हात लावला तर हवाच नाही. आठवड्यातून एकदा फिल्टर काढून झटका, महिन्यातून एकदा लाइट बंद करून, वर सांगितलं तसं थांबून, कोरडी हवा कमी प्रेशरने मारा. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडून द्या, नाहीतर धूळ काढायच्या नादात कार्डवर पाणी जातं. कूलिंग फॅन स्वस्त असतो, दोन-तीन सीझनला बदलून टाका. कपॅसिटरचं आयुष्य तर दर दहा डिग्रीला निम्मं होतं असं धरतात, म्हणजे थंड ठेवलेला ड्राइव्ह कितीतरी वर्षं जास्त जगतो.

चालताना काही नाही, बंद करतानाच ओव्हर व्होल्टेज येतो. का?

जड चाकाचा ब्लोअर लवकर थांबवायला गेलात की मोटर जनरेटर होते आणि लाइट उलटी ड्राइव्हमध्ये ढकलते. डायोडमधून ती मेन लाइनला परत जाऊ शकत नाही, कपॅसिटरवरच चढते, आणि डीसी 800 च्या आसपास गेली की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला ट्रिप होतो. डिसिलरेशन टाइम वाढवा, 30-40-60 सेकंद. लवकर थांबणं गरजेचं नसेल तर कोस्ट टू स्टॉप (मोटर आपोआप फिरत फिरत थांबू देणं) ठेवा. लवकर थांबवायचंच असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर, आणि तो पॅनेलच्या बाहेर, वर.

बाकीचे फॉल्ट?

अंडर व्होल्टेज आला तर आधी लाइन बघा, खेड्यातल्या फीडरवर दुपारी 340-350 सहज असतं. ओव्हर करंट सुरू होतानाच येत असेल तर ॲक्सिलरेशन टाइम कमी आहे, लोड जाम आहे किंवा केबलमध्ये शॉर्ट आहे, मोटरच्या वायरी सोडून ड्राइव्ह मोकळा चालवून बघा, तरी आला तर आयजीबीटी गेलेत. ओव्हरलोड हळूहळू येतो, त्यात मशीनचं बेअरिंग बघा. इनपुट फेज लॉस म्हणजे बहुतेक वेळा फ्यूज किंवा ढिलं टर्मिनल. फॉल्ट रिसेट करून परत परत चालू करत बसू नका. तिसऱ्या-चौथ्या रिसेटला अर्धा गेलेला ड्राइव्ह पूर्ण जातो.

वायरिंगमध्ये काय करायचं नाही?

ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर ठेवायचा नाही, जुन्या स्टार्टरमधला पण काढा. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. मोटरला कपॅसिटर असतोच असं डोक्यात बसलेलं असतं आणि तो तसाच राहून जातो, मग पहिल्याच स्टार्टला ड्राइव्ह ट्रिप होतो नाहीतर आयजीबीटी उडतात.

मेन लाइन चुकून आउटपुटच्या यू-व्ही-डब्ल्यू टर्मिनलला जोडली तर ड्राइव्ह त्याच क्षणी संपला, वॉरंटी पण नाही. ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये कॉन्टॅक्टर लावून चालू स्थितीत तोडू-जोडू नका. मोटर मेगर करायची (इन्सुलेशन तपासायचं) तर वायरी ड्राइव्हमधून सोडून. मोटरची केबल आणि सेन्सरची वायर एकाच पाइपातून नेऊ नका, नाहीतर 4-20 मिलीअँपिअरचा सिग्नल नाचत राहतो आणि स्पीड पण. अर्थिंग खरोखरचं पाहिजे, शेडच्या खांबाला बांधलेली तार म्हणजे अर्थिंग नाही.

ड्राइव्ह लावल्यावर ईएलसीबी (लीकेज झालं की पडणारा स्विच) पडतो, पॉवर फॅक्टरची कपॅसिटर बँक तापते.

ड्राइव्हमधून अर्थकडे थोडा लीकेज करंट जातोच, 30 मिलीअँपिअरचा साधा ईएलसीबी टिकणार नाही, ड्राइव्हसाठी चालणारा वेगळ्या टाइपचा आणि जास्त रेटिंगचा घ्या. कपॅसिटर बँकेचं कारण हार्मोनिक्स, म्हणजे 50 हर्ट्झच्या पटीतल्या जास्तीच्या फ्रिक्वेन्सी. ड्राइव्ह करंट तुकड्या-तुकड्यात ओढतो, त्यात पाचवा आणि सातवा हार्मोनिक, म्हणजे 250 आणि 350 हर्ट्झ, जास्त असतो आणि कपॅसिटरला जास्त फ्रिक्वेन्सी म्हणजे जास्त करंट. ड्राइव्हच्या इनपुटला 3 ते 5 टक्क्यांचा लाइन चोक लावा, ड्राइव्ह जास्त असतील तर बँकेला हार्मोनिक अडवणारा डीट्यून रिअ‍ॅक्टर. केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टर धरून) बिलिंग असेल तर ह्याचा पैसा थेट बिलात दिसतो.

रिवायंडिंग केलेली जुनी मोटर चालेल?

वार्निश नीट असेल, मेगर चांगला येत असेल आणि केबल लहान असेल तर चालते. मोटर गेली की पुढच्या वेळी वाइंडरला ‘ड्राइव्हवर चालणार आहे’ हे सांगा, ड्यूअल कोटची वायर आणि फेजच्या मध्ये जास्तीचा पेपर टाकायला लावा.

स्टार डेल्टा स्टार्टर काढून टाकू का?

ड्राइव्ह लावला तर हो, मोटर डेल्टात कायम जोडा. पण फक्त सुरुवातीचा झटका कमी करायला ड्राइव्ह घेत असाल तर सॉफ्ट स्टार्टर विचारून बघा, स्वस्त पडतो. डायरेक्ट चालू केल्यावर मोटर सहा-सात पट करंट घेते, ड्राइव्हवर दीडपटीच्या आत काम होतं, त्यामुळे लहान जनरेटरवर मोठी मोटर उचलायची असेल तर ड्राइव्हचा उपयोग चांगला.

सीझन संपला, ड्राइव्ह सहा-आठ महिने बंद राहतो. काही करायचं का?

जिनिंगवाल्यांनी हे नक्की करावं. महिना-दोन महिन्यातून एकदा मोटर न फिरवता नुसता मेन चालू करून ड्राइव्ह तास-दोन तास पॉवरवर ठेवा, कपॅसिटर जिवंत राहतात आणि कार्डवरचा ओलावा उडतो. वर्ष-दीड वर्ष बंद पडलेला किंवा सेकंड हँड घेतलेला ड्राइव्ह थेट 415 ला लावू नका, आधी व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या व्हेरिअ‍ॅकने हळूहळू व्होल्टेज चढवत न्या. बंद करायच्या आधी सगळे पॅरामीटर कागदावर लिहा किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, ड्राइव्ह बदलायची वेळ आली तर तेच दोन तास वाचवतात. आणि पॅनेलच्या केबल एंट्रीची भोकं ग्लँड लावून, उरलेली पुट्टीने बुजवा. पावसाळ्यात पाली आणि उंदीर ऊब शोधत आत शिरतात, डीसी टर्मिनलवर आडवी पडलेली एक पाल पूर्ण पॉवर कार्ड घेऊन जाते, आणि ते समजतं दसऱ्यानंतर, जिन चालू करायच्या दिवशी.